आहार बदलताना आधी काय बदलावे: सेंद्रिय अन्न आणि कमी प्रक्रियेचे अन्न

आहार सुधारायचा असे ठरवले की बहुतेकांच्या मनात सर्वप्रथम ‘सेंद्रिय’ हाच शब्द येतो आणि खरेदी तिथूनच बदलू लागते. घरातल्या आहारात बदल करताना मी मात्र दोन प्रश्न जाणीवपूर्वक वेगळे ठेवले. हे अन्न कसे पिकवले, हा पहिला प्रश्न. आणि पिकल्यानंतर ताटात येईपर्यंत त्यावर काय काय केले गेले, हा दुसरा. सेंद्रिय शेतीचा संबंध मुख्यतः पहिल्या प्रश्नाशी आहे, तर आरोग्यावरचा जो परिणाम मला सर्वांत ठोस वाटतो तो दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. सेंद्रिय मैदा आणि सेंद्रिय साखर वापरून केलेले बिस्कीट शेवटी बिस्कीटच असते. उलट, कोणताही शिक्का नसलेली साधी मसूरसुद्धा शरीराला प्रथिने, तंतुमय पदार्थ, लोह आणि फोलेट देतच असते. म्हणून आधी कारखान्यातली प्रक्रिया कमी करावी आणि मग जिथे खरोखर फरक पडतो तिथे सेंद्रिय अन्नाकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. हा क्रम उलटा झाला की खर्च वाढतो, मनाला समाधान मिळते, पण शरीराच्या पदरात फारसे काही पडत नाही.

या मतामागे एक प्रयोग आहे, आणि तो जरा तपशिलाने सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीस प्रौढ व्यक्तींना चार आठवडे संस्थेच्या रुग्णालयातच ठेवण्यात आले. त्यांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले आणि दोन आठवडे प्रक्रिया न केलेले किंवा अगदी थोडी प्रक्रिया केलेले अन्न देण्यात आले. कोणाला आधी कोणते मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरले. समोर मांडलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणात एकूण उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतुमय पदार्थ यांचे प्रमाण जुळवून घेतलेले होते, आणि प्रत्येकाला हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. तरीही अतिप्रक्रिया केलेल्या आहाराच्या काळात माणसांनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या आहारात ते जवळपास तेवढेच घटले. जेवणाचा वेगही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या वेळी अधिक होता. प्रयोग लहान होता आणि थोड्या दिवसांचा होता, हे खरे. पण आहारशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष लोकांनी स्वतःच्या आठवणीवरून भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे असतात, तर इथे प्रत्येक घास मोजला गेला होता, आणि म्हणूनच मी त्याला इतके वजन देते.

‘अतिप्रक्रिया’ म्हणजे नेमके काय, हे मात्र समजून घ्यायला हवे, कारण प्रक्रिया या शब्दाचा धसका घेऊन लोक चांगल्या गोष्टीही टाळू लागतात. साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो यांच्या गटाने केलेले ‘नोव्हा’ नावाचे वर्गीकरण यासाठी उपयोगी पडते. त्यात अन्नाचे चार गट आहेत: पहिल्या गटात प्रक्रिया न केलेले किंवा किमान प्रक्रिया केलेले अन्न येते, दुसऱ्यात तेल, मीठ, साखर, लोणी असे स्वयंपाकाचे घटक येतात, तिसऱ्यात ताजा पाव, चीज, डबाबंद भाज्या असे प्रक्रिया केलेले पदार्थ येतात, आणि चौथ्यात कारखान्यात वेगळे काढलेले घटक, रंग, स्वाद, पायसीकारके (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारी द्रव्ये) वगैरे एकत्र करून घडवलेले पदार्थ येतात. वाळवणे, दळणे, गोठवणे, दुधाचे पाश्चरीकरण करणे, साखर न घालता दही लावणे या साऱ्या क्रिया पहिल्या गटातच बसतात. त्यामुळे गोठवलेले मटार निःशंकपणे खावेत. चौथा गट फार व्यापक आहे आणि त्यात कोंड्यासह भरपूर तंतू असलेला बाजारातला पावही येऊ शकतो, ही त्यावरची टीका मला रास्त वाटते. म्हणून मी या वर्गीकरणाकडे बंदीची यादी म्हणून पाहत नाही, तर खरेदी करताना नजर कुठे ठेवायची हे सांगणारी खूण म्हणून पाहते.

ती नजर पाकिटाच्या मागच्या बाजूला ठेवावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, असा नियम बहुतेक देशांत आहे. म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पावाला पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ एवढेच पुरते. त्याच पावाच्या पाकिटावर त्यापुढे साखर, ग्लुकोज सिरप, दोन-तीन पायसीकारके आणि कॅल्शियम प्रोपिओनेट हे परिरक्षक लिहिलेले असेल, तर तो पाव आठवडाभर मऊ का राहतो याचे उत्तर तिथेच मिळते. साखरेबाबत विशेष सावध राहावे लागते, कारण ती साखर, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क अशा वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असली की त्यांपैकी कोणतीही एक यादीत अग्रभागी येत नाही; सर्व मिळून मात्र ती पिठाखालोखाल असू शकते. पाकिटाच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत छापलेल्या ‘नैसर्गिक’ या शब्दावर मी मुळीच विसंबत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या शब्दाचा अर्थ कसा निश्चित करावा याविषयी जनतेची मते मागवली होती, तरीही त्याची औपचारिक व्याख्या तिथे ठरलेली नाही. ‘सेंद्रिय’ या शब्दामागे निदान कायदा आणि तपासणी उभी असते; ‘नैसर्गिक’मागे पुष्कळदा फक्त छपाई असते.

कमी प्रक्रियेचे अन्न घरात आणले की त्याचे वागणेही वेगळे असते, आणि ते माहीत नसले तर माणूस लवकर कंटाळतो. फक्त शेंगदाणे वाटून केलेल्या लोण्याच्या बरणीत काही दिवसांनी बोटभर तेल वर येते आणि खाली घट्ट गोळा बसतो. पदार्थ बिघडलेला नसतो. तेल धरून ठेवणारे हायड्रोजनीकृत स्निग्ध पदार्थ त्यात घातलेले नसतात, एवढेच. बरणी काही काळ उलटी ठेवावी, नंतर तळापासून ढवळून ती थंड जागी ठेवावी, म्हणजे ते एकजीव राहते. संपूर्ण गव्हाच्या पिठाचे दुखणे वेगळे असते. गव्हाच्या दाण्यातल्या अंकुरात तेल असते. दळताना ते हवेच्या संपर्कात येते आणि पीठ हळूहळू खवट होऊ लागते. मैद्यातून अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असल्यामुळेच तो महिनोन्‌महिने टिकतो. खवट पीठ नाकाला कळते: जुन्या तेलाचा, किंचित तैलरंगासारखा उग्र वास येतो आणि जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. म्हणून असे पीठ थोडे थोडे आणावे, हवाबंद डब्यात ठेवावे आणि उन्हाळ्यात शीतकपाटात ठेवावे. टिकाऊपणा कमी होणे ही या अन्नाची किंमत आहे, आणि ती आनंदाने मोजावी असे मला वाटते. कारण जो अंकुर पीठ खवट करतो त्याच अंकुरात ई जीवनसत्त्व असते, आणि जो कोंडा पीठ जाडेभरडे करतो त्याच कोंड्यात तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे सुचवली आहेत. मैदा आणि साखर यांवर बेतलेल्या आहारातून २५ ग्रॅमचा आकडा गाठणे अवघड असते. कडधान्ये, संपूर्ण धान्ये, भाज्या आणि सुकामेवा असला की तो सहज गाठता येतो.

आता सेंद्रिय अन्नाकडे येते. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९९ मध्ये सेंद्रिय अन्नाविषयी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि निरनिराळ्या देशांचे नियम बऱ्याच अंशी एकमेकांशी मिळतेजुळते आहेत. कृत्रिम नत्रखते आणि बहुतेक कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके वापरायची नाहीत, जनुकीय फेरफार केलेले बियाणे नको, किरणोत्साराने निर्जंतुकीकरण नको, आणि जनावरांना वाढ व्हावी म्हणून प्रतिजैविके द्यायची नाहीत, हा त्यांचा गाभा आहे. अमेरिकेतील नियमांनुसार जमिनीवर निषिद्ध रसायने वापरणे थांबवून ३६ महिने झाल्यानंतरच तिथले पीक सेंद्रिय म्हणून विकता येते. प्रक्रिया केलेल्या पदार्थाला ‘सेंद्रिय’ म्हणवून घेण्यासाठी पाणी आणि मीठ वगळून किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात. मात्र सेंद्रिय शेतीत कीटकनाशके वापरतच नाहीत, हा समज चुकीचा आहे. गंधक, तांब्याची संयुगे, निंबतेल, जिवाणूंपासून मिळणारे स्पिनोसॅड यांना अनेक ठिकाणी अटींसह परवानगी आहे, आणि तांबे जमिनीत साठत जाते म्हणून युरोपीय संघाने त्याच्या वापरावर मर्यादा घातलेली आहे.

मग सेंद्रिय अन्न खाऊन नेमके काय मिळते? पोषणमूल्यांच्या बाबतीत उत्तर संमिश्र आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा जीवनसत्त्वांच्या बाबतीत सेंद्रिय अन्न ठळकपणे सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४३ शोधनिबंधांवर आधारलेल्या विश्लेषणात सेंद्रिय पिकांत पॉलिफिनॉलसारखी ऑक्सिडीकरणरोधी द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. एका मुद्द्यावर मात्र दोन्ही अभ्यासांचे एकमत आहे: सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता बरीच कमी असते. शरीरातही हा फरक दिसतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ शाळकरी मुलांचा नेहमीचा आहार पाच दिवसांसाठी सेंद्रिय अन्नाने बदलण्यात आला. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकांपासून बनणारी द्रव्ये त्यांच्या लघवीत लगेचच जवळजवळ आढळेनाशी झाली आणि नेहमीचा आहार सुरू होताच पुन्हा दिसू लागली. क्लोरपायरीफॉसला युरोपीय संघाने २०२० मध्ये मुदतवाढ नाकारली, आणि बालकांच्या मेंदूच्या विकासावर होणाऱ्या परिणामाची चिंता हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

कर्करोगाबाबत जे ठाम दावे केले जातात ते मला पटत नाहीत. फ्रान्समधील सुमारे ६९,००० प्रौढांच्या २०१८ मधील अभ्यासात सर्वाधिक सेंद्रिय अन्न खाणाऱ्या गटात कर्करोगाचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी दिसले. पण ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक महिलांच्या २०१४ मधील अभ्यासात एकूण कर्करोगाच्या प्रमाणात घट दिसली नाही. सेंद्रिय अन्न घेणारी माणसे बहुधा अधिक सुस्थितीतली असतात, कमी धूम्रपान करतात आणि भाज्याही जास्त खातात, त्यामुळे अशा निरीक्षणांतून अन्नाचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते. सेंद्रिय अन्न रोग बरे करते असे सांगून कोणी उपचार थांबवायला सुचवत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

माझ्या दृष्टीने सेंद्रिय अन्न घेण्याची कारणे तीन आहेत: घरातल्या लहान मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या शरीरात जाणारे कीटकनाशकांचे अंश कमी व्हावेत, फवारणी करणाऱ्या शेतमजुरांच्या अंगावर आणि श्वासात जाणारे विष कमी व्हावे, आणि पशुपालनातला प्रतिजैविकांचा अनाठायी वापर घटावा. यांतले दुसरे कारण चर्चेत क्वचितच येते. आपल्यापर्यंत फळावरचा अंश पोहोचतो तो बहुतेक वेळा कायदेशीर मर्यादेच्या आत असतो. पाठीवर पंप घेऊन शेतात फिरणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारी मात्रा त्याहून कितीतरी मोठी असते.

सगळेच सेंद्रिय घेणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. सालीसकट खाल्ली जाणारी नाजूक फळे आणि पालेभाज्या यांना मी प्राधान्य देते, उदाहरणार्थ स्ट्रॉबेरी, द्राक्षे, सफरचंद, पालक. जाड साल काढून टाकावी लागते अशा फळांसाठी, तसेच कांदा किंवा कोबी यांसाठी जादा पैसे खर्च करण्याची निकड मला वाटत नाही. धुण्यानेही बराच फरक पडतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट ही दोन रसायने लावून पाहिली. लिटरभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून त्यात फळे १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरचे अंश निघून गेले. सालीच्या आत मुरलेला भाग मात्र निघाला नाही. घरी मी हीच पद्धत वापरते आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली फळ चोळून धुते. साबण वापरू नये, कारण फळांची साल तो शोषून घेऊ शकते. आणि सेंद्रिय भाजी परवडत नाही म्हणून भाजीच कमी केली, असे कदापि होऊ देऊ नये. भाज्या आणि फळे खाण्याचे फायदे ज्या अभ्यासांतून सिद्ध झाले, त्यांतील बहुसंख्य माणसे साधा बाजारातला मालच खात होती.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत तर मला सर्वांत धोकादायक वाटते. कच्च्या दुधातून लिस्टेरिया, साल्मोनेला, ब्रुसेला यांसारखे जंतू पोटात जाऊ शकतात, आणि ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून केलेल्या पाश्चरीकरणाने दुधाचे पोषण नगण्य प्रमाणातच घटते. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातील बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा गंभीर आजार होऊ शकतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूंची मोठी साथ आली, सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मरण पावले. तिचा माग एका सेंद्रिय शेतावर तयार झालेल्या मोडांपर्यंत पोहोचला. उबदार आणि दमट हवेत मोड जसे वाढतात तसेच जंतूही वाढतात, म्हणून अशक्त व्यक्तींनी, गरोदर स्त्रियांनी आणि वृद्धांनी मोड शिजवूनच खावेत. तांदळातले आर्सेनिक माती आणि पाण्यातून येते, त्यामुळे सेंद्रिय तांदूळही त्यातून सुटत नाही. कोंड्यात ते अधिक असल्याने बिनसडीच्या तांदळात त्याचे प्रमाण पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा जास्त असते. यावर उपाय म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकणे आणि धान्ये आलटूनपालटून खाणे. मध, फळांचा रस आणि ‘नैसर्गिक’ सिरप यांतली साखर जागतिक आरोग्य संघटना मुक्त साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरते. ही साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी, असे ती सांगते.

बदल हळूहळू करावा. एकाएकी कडधान्ये आणि कोंडा वाढवला की पोट फुगते आणि माणूस पहिल्याच आठवड्यात जुन्या आहाराकडे परततो. मात्रा काही आठवड्यांत वाढवत न्यावी आणि पाणीही त्या प्रमाणात वाढवावे. मी सुरुवात न्याहारीपासून केली, कारण तेच जेवण रोज जवळपास सारखे असते आणि एकदा बदलले की पुन्हा रोज ठरवत बसावे लागत नाही: गोड तयार धान्यपट्ट्यांऐवजी साधे ओट्स, ताजे फळ आणि मूठभर सुकामेवा. मिठाचे आणि साखरेचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले तर जीभ जुळवून घेते, आणि काही काळाने पूर्वीचा पदार्थच अति गोड लागतो. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉर्फरिन हे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियमचा विचार करून आधी डॉक्टरांशी बोलावे.

एक गोष्ट आहाराविषयीच्या लेखनात हमखास निसटते, ती म्हणजे श्रम. तयार अन्नातून जो वेळ वाचतो तो कमी प्रक्रियेच्या आहारात पुन्हा खर्च करावा लागतो: कडधान्ये आदल्या रात्री भिजवणे, पालेभाजी निवडणे, फळे सोड्याच्या पाण्यात ठेवणे, दर काही दिवसांनी ताजा माल आणणे. आरोग्य साऱ्या घराचे सुधारावे आणि हे काम मात्र निमूटपणे एकाच बाईच्या अंगावर पडावे, हे मला मान्य नाही, आणि असा बदल टिकतही नाही. आमच्या घरी भिजवण्याचे आणि धुण्याचे काम मुलांकडे आहे, बाजार एकाकडे आणि स्वयंपाक आळीपाळीने दोघांकडे. कडधान्ये एकदम जास्त शिजवून गोठवून ठेवली जातात, त्यामुळे घाईच्या दिवशीही अर्ध्या तासात जेवण होते. आपल्या घरी हा बदल करायचा असेल तर नवी खरेदी करण्याच्या आधी सर्वांनी एकत्र बसून कोण काय करणार हे ठरवावे, आणि ज्या कामाला कोणीच तयार नसेल तो पदार्थ तूर्त यादीतून वगळावा.